आईचा गुडघा आणि अल्कोहोलची तीन शिखरं

परवा आईच्या गुडघ्याचा एमआरआय काढायला गेलो होतो. आई आत, मी बाहेरच्या बाकावर. जाड दार बंद असूनही आवाज ऐकू येत होता. आधी ठक-ठक-ठक, मग भिंतीत ड्रिल चालवल्यासारखा घर्रर्र, मग दोन मिनिटं शांतता, की पुन्हा ठकठक. बाहेर आल्या आल्या आईचा पहिला प्रश्न, "एवढी कोट्यवधींची मशिनं घेतात आणि आवाज बंद करता येत नाही होय रे? तू इंजिनिअर ना? सांग बरं, कसला आवाज तो?"

मी "अगं, आत मोठं मॅग्नेट असतं ना..." असं काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. मॅग्नेट कशाला आवाज करेल? फ्रीजवर चिकटवलेलं मॅग्नेट कधी ठकठक करतं का?

मग शनिवार-रविवार वाचत बसलो. आईच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या पंधरा मिनिटांतच मिळालं, पण तोवर मी 1945 सालात पोचलो होतो आणि तिथून परत यायला रविवारची रात्र झाली. तर ही त्याचीच गोष्ट. आवाजाचं उत्तर शेवटी देतो, कारण मधली गोष्ट कळल्याशिवाय त्यातली मजा कळत नाही.

सुरुवात भौतिकशास्त्रज्ञांपासून. हायड्रोजनच्या अणूचं केंद्रक म्हणजे एक प्रोटॉन, आणि प्रोटॉन हा एक इवलासा लोहचुंबक असतो. त्याला मोठ्या चुंबकाच्या क्षेत्रात ठेवला की तो भोवऱ्यासारखा डुलत फिरतो. भोवरा वेग कमी झाल्यावर कसा तिरका होऊन घुमतो, तसा. किती वेगाने घुमणार हे क्षेत्राच्या ताकदीवर ठरतं. 1 टेस्लाच्या क्षेत्रात सेकंदाला साधारण 4.26 कोटी वेळा, म्हणजे 42.6 मेगाहर्ट्झ. क्षेत्र दीडपट केलं की वारंवारताही दीडपट. बरोबर त्याच वारंवारतेची रेडिओलहर सोडली तर प्रोटॉन ती ऊर्जा शोषून घेतो. हा तो 'रेझोनन्स'. 'न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स', म्हणजेच एनएमआर, या भारदस्त नावामागे मूळ भानगड एवढीच आहे.

कोलंबिया विद्यापीठातल्या इसिडोर राबीने 1938 साली हे निर्वात नळीतून जाणाऱ्या रेणूंच्या झोतात करून दाखवलं आणि त्याला 1944 सालचं नोबेल मिळालं. पण साध्या पदार्थात, वाटीत ठेवलेल्या पाण्यात किंवा मेणात, हे दिसेल का? हॉलंडच्या गॉर्टरने 1936 साली आणि पुन्हा 1942 साली प्रयत्न केले. दोन्ही वेळा हात रिकामे.

ते जमलं महायुद्ध संपल्यावर. एडवर्ड पर्सेल, हेन्री टॉरी आणि रॉबर्ट पाउंड हे तिघे युद्धकाळात रडारवर काम करत होते. दिवसा त्या कामाचे अहवाल लिहायचे आणि संध्याकाळी नाहीतर सुट्टीच्या दिवशी हार्वर्डमध्ये जाऊन हा उद्योग करायचा. चुंबकसुद्धा दुसऱ्याच कामाचं, मागून घेतलेलं. शनिवार, 15 डिसेंबर 1945 रोजी त्यांना पॅराफिन मेणातल्या प्रोटॉनचा सिग्नल दिसला. (वीकेंड प्रोजेक्टवाल्यांनो, छाती फुगवा :) ) त्यानंतर काही आठवड्यांतच, त्यांच्याशी काहीही संपर्क नसताना, स्टॅनफर्डमध्ये फेलिक्स ब्लॉख, हॅन्सन आणि पॅकार्ड यांनी तेच पाण्यात पाहिलं. 1952 चं नोबेल ब्लॉख आणि पर्सेलला विभागून मिळालं.

इथपर्यंतची गोष्ट सरळ रेषेतली आहे. मला खरी भावली ती इथून पुढची.

या लोकांना एनएमआर कशासाठी हवा होता? एकेका केंद्रकाचं चुंबकत्व अचूक मोजण्यासाठी. म्हणजे एक तक्ता बनवायचा. हायड्रोजन, अमुक आकडा. नायट्रोजन, तमुक आकडा. शक्य तितक्या जास्त दशांश स्थळांपर्यंत. यात गृहीत असं होतं की केंद्रक अणूच्या पार आत, खोल बसलेलं असतं. अणूच्या मानाने त्याचा आकार लाखाव्या हिश्श्याच्या आसपास. तेव्हा बाहेर कुठला रेणू आहे, शेजारी कोण बसलंय, याच्याशी त्याला काय देणंघेणं? नायट्रोजन म्हणजे नायट्रोजन. अमोनियात असो की स्फोटकांत.

1950 साली स्टॅनफर्डमध्येच वॉरन प्रॉक्टर आणि फू चुन यू नायट्रोजनचा आकडा मोजायला बसले. त्यांनी घेतलं अमोनियम नायट्रेट. कारण अगदी व्यवहारी. ते पाण्यात भरपूर विरघळतं आणि त्याच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू असतात, म्हणजे सिग्नल चांगला मिळणार. सिग्नल मिळाला, पण एकाच्या जागी दोन रेषा आल्या.

आता एकाच केंद्रकाला दोन आकडे कसे असतील? उपकरणात दोष असेल म्हणावं, तर ते पुन्हा पुन्हा तसंच येत होतं. शेवटी निष्कर्ष निघाला की एक रेष अमोनियममधल्या नायट्रोजनची आणि दुसरी नायट्रेटमधल्या. म्हणजे शेजारी कोण बसलंय याने फरक पडतो. त्याच वर्षी एमआयटीतल्या डिकिन्सनला फ्लोरिनच्या वेगवेगळ्या संयुगांत हेच दिसलं.

याचं कारण सोपं आहे. केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉन असतात, आणि ते बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राला किंचित अडवतात. उन्हात झाडाखाली उभं राहिल्यासारखं. झाड दाट असेल तर ऊन कमी, विरळ असेल तर जास्त. कुठल्या रेणूत, कुठल्या जागी, इलेक्ट्रॉनची किती सावली आहे त्यावर केंद्रकाची वारंवारता थोडीशी सरकते.

भौतिकशास्त्राच्या नजरेने बघितलं तर ही कटकट होती. तक्त्यातला शुद्ध आकडा हवा होता आणि मध्ये हे रसायनशास्त्र नाक खुपसत होतं. कुठल्या संयुगात मोजलंय त्यानुसार आकडा बदलणार असेल, तर त्या दशांश स्थळांना काय अर्थ?

इथे जरा माझं एक पाप कबूल करतो. काही वर्षांपूर्वी एका प्रोजेक्टवर रोज रात्री दोनच्या सुमारास लॉगमध्ये टाइमआउटची एक वॉर्निंग यायची. मिनिटभर यायची आणि थांबायची. सगळं चालू असायचं. सकाळी लॉग वाचताना वैताग यायचा, म्हणून मी तिच्यावर फिल्टर लावला. कमिट मेसेज अजून आठवतो, "लॉगमधला नॉइज कमी केला". चार महिन्यांनी कळलं की त्या मिनिटात अडकलेले व्यवहार पुन्हा पाठवले जात होते आणि त्यातले काही दोनदा नोंदले जात होते. लोकांचे पैसे दोनदा कापले गेले होते. वॉर्निंग बिचारी रोज रात्री खरं सांगत होती आणि मी तिचं तोंड बंद केलं होतं. प्रॉक्टर आणि यू यांच्या दोन रेषांबद्दल वाचताना मला ते कमिट आठवलं. त्यांनाही फिल्टर लावता आला असता. एखादं वेगळं संयुग घ्यायचं, ज्यात नायट्रोजनची एकच रेष येते, आणि पुढे जायचं.

असो. पुढे काय झालं ते बघू.

प्रोटॉनच्या बाबतीत ही सावली फारच पुसट असते. वारंवारतेतला फरक दहा लाखांत फक्त काही भागांचा. तो बघायचा तर चुंबकाचं क्षेत्र नमुन्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा लाखांत एका भागापेक्षाही जास्त एकसारखं हवं. नाहीतर नळीच्या डाव्या बाजूचा प्रोटॉन एका वारंवारतेने घुमणार, उजव्या बाजूचा दुसऱ्या, आणि सगळ्या रेषा एकमेकींत मिसळून एक जाडा ढिगारा होणार. म्हणजे या मंडळींचा शत्रू नंबर एक कोण, तर क्षेत्रातला असमानपणा. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1951 साली ब्लॉखच्याच गटातल्या तिघांनी हे जमवलं. जेम्स अर्नॉल्ड, एस. एस. धर्मट्टी आणि मार्टिन पॅकार्ड. नमुना होता इथेनॉल. हो, तेच, पिण्याच्या दारूतलं. इथेनॉलच्या रेणूत हायड्रोजनचे सहा अणू. तीन एका कार्बनवर, दोन दुसऱ्या कार्बनवर आणि एक ऑक्सिजनवर. आणि त्यांच्या आलेखावर आली तीन शिखरं. शिखरांखालच्या क्षेत्रफळांचं प्रमाण 3 : 2 : 1.

क्षणभर थांबून विचार करा. बाटली न फोडता, काहीही न जाळता, कसलीही रासायनिक प्रक्रिया न करता, रेणू स्वतःच सांगतोय की माझ्यात तीन प्रकारचे हायड्रोजन आहेत, अमुक इथे तीन, तिथे दोन, तिथे एक. त्याआधी एखाद्या नव्या रेणूची रचना शोधायची तर केमिस्ट लोक त्याचे तुकडे करायचे, ते तुकडे ओळखायचे आणि मग मूळ रेणू कसा असेल याचा अंदाज बांधायचे. त्यात वर्षं जायची. भौतिकवाल्यांची कटकट ही केमिस्टांसाठी अलीबाबाची गुहा निघाली.

या तीन नावांतलं मधलं नाव आपल्या जवळचं आहे. धर्मट्टी पुढे डॉ. होमी भाभांच्या टीआयएफआरमध्ये मुंबईला आले आणि एनएमआरचं काम त्यांनी तिथे उभं केलं. कुलाब्याच्या समुद्राकाठची ती देखणी इमारत तेव्हा झालेलीही नव्हती, तिचं उद्घाटन 1962 चं. जगभर एनएमआर शिकवताना पहिलं उदाहरण म्हणून आजही इथेनॉल घेतात. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी केमिस्ट्रीत ते घोकलं होतं. पण तो आलेख काढणाऱ्यांपैकी एक माणूस नंतर आपल्या मुंबईत काम करत होता, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. त्याच 1951 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. सूर्यन यांनी वाहत्या द्रवातला एनएमआर सिग्नल अभ्यासला होता. द्रव वाहतोय म्हणून सिग्नल बदलतो, तर मग सिग्नलवरून प्रवाह मोजा! आज एमआरआयमध्ये रक्तप्रवाह मोजतात त्याच्या मुळाशी हाच विचार आहे.

1950 च्या दशकात व्हेरियन कंपनीने एनएमआर यंत्रं विकायला सुरुवात केली. 1961 सालचं त्यांचं ए-60 हे मॉडेल कितीतरी प्रयोगशाळांत पोचलं. असमानपणाशी लढाई चालूच होती. 1954 साली ब्लॉखने एक झकास युक्ती सुचवली होती. क्षेत्र पूर्ण एकसारखं करता येत नाही ना, मग नमुन्याची नळीच गरागरा फिरवा. म्हणजे प्रत्येक प्रोटॉन सगळीकडून फिरून येईल आणि फरकाची सरासरी होईल. हार्डवेअरचा प्रॉब्लेम जुगाडाने सोडवणारे आपणच पहिले नाही!

सिग्नल मात्र फार क्षीण असायचा. जुन्या रेडिओचं बटण हळूहळू फिरवत एकेक स्टेशन शोधावं, तसा सगळा पट्टा पिंजून काढावा लागे. रिचर्ड अर्न्स्ट आणि वेस्टन अँडरसन यांनी 1964 साली व्हेरियनमध्ये वेगळाच मार्ग काढला. एक छोटासा जोरदार धक्का द्यायचा, म्हणजे देवळातल्या सगळ्या घंटांवर एकदम टोला. मग त्या एकत्र घुमणाऱ्या, विरत जाणाऱ्या नादाची नोंद करायची आणि फुरिए रूपांतर करून कुठली घंटा किती वाजली ते वेगळं काढायचं. हे सेकंदात उरकतं, म्हणून पुन्हा पुन्हा करून बेरीज घेता येते. शंभर वेळा केलं की सिग्नल शंभरपट, नॉइज दहापटच. फक्त तेव्हा ही आकडेमोड करायला संगणक हाताशी नव्हता. त्यांचा पेपर एका नामांकित जर्नलने दोनदा परत पाठवला. शेवटी 1966 साली तो दुसरीकडे छापून आला. अर्न्स्टला 1991 सालचं नोबेल मिळालं.

आता आईच्या गुडघ्याकडे येऊ.

1971 साली न्यूयॉर्कच्या रेमंड डमेडियनने उंदरांच्या पेशींवर एनएमआर करून दाखवून दिलं की गाठीतल्या आणि निरोगी पेशींतल्या पाण्याचे सिग्नल वेगवेगळ्या वेगाने विरतात. त्याच वर्षी पॉल लॉटरबर या केमिस्टने अशाच प्रयोगाची पुनरावृत्ती होताना पाहिली. फरक दिसत होता, पण त्यासाठी उंदीर कापावा लागत होता. न कापता, शरीराच्या आत नेमक्या कुठल्या जागेवरून सिग्नल येतोय, हे कसं कळणार? त्याच संध्याकाळी हॅम्बर्गर खाता खाता त्याला उत्तर सुचलं.

ते उत्तर म्हणजे, क्षेत्र मुद्दाम असमान करा!

एका टोकाला किंचित जास्त, दुसऱ्या टोकाला किंचित कमी, मध्ये सरळ उतार. वारंवारता क्षेत्रावर ठरते. मग वारंवारता बघितली की जागा कळली. असा उतार वेगवेगळ्या दिशांनी देत गेलं की त्यातून चित्र तयार करता येतं. वीस वर्षं सगळे ज्या असमानपणाला शिव्या घालत होते, ज्याच्यासाठी नळ्या गरागरा फिरवत होते, तोच या माणसाने हत्यार म्हणून हातात घेतला. त्याचं पहिलं चित्र म्हणजे जड पाण्याच्या नळीत ठेवलेल्या, साध्या पाण्याच्या दोन बारीक काचनळ्या. दोन धुरकट ठिपके. 'नेचर'ने पेपर आधी नाकारला. मग पुन्हा मागे लागल्यावर मार्च 1973 मध्ये छापला.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या पीटर मॅन्सफिल्डने यातलं गणित आणि वेग पुढे नेला. डमेडियनने 1977 साली आपल्या यंत्रात माणसाच्या छातीचा पहिला स्कॅन घेतला, त्याला जवळपास पाच तास लागले. 2003 सालचं नोबेल लॉटरबर आणि मॅन्सफिल्डला मिळालं, डमेडियनला नाही. त्याने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला. मला विचाराल तर गाठ आणि निरोगी पेशी यांतला फरक त्याने दाखवला, पण चित्र कसं काढायचं ते लॉटरबरने. तरीही पहिली गोष्ट नसती तर दुसरी तेव्हा सुचली असती का, हा प्रश्न उरतोच.

आणि आता आवाज. तो उतार तयार करायला मोठ्या चुंबकाच्या आत वेगळी वेटोळी बसवलेली असतात. त्यांतला वीजप्रवाह भराभर चालू-बंद होतो. चुंबकीय क्षेत्रातल्या तारेतून प्रवाह गेला की तिच्यावर बल येतं, हे शाळेत शिकलोय. दर वेळी ती वेटोळी दणका खाऊन थरथरतात. ठक-ठक-ठक. आईने ऐकलं ते हेच. तो आवाज बंद केला तर चित्रच येणार नाही. तो आवाज म्हणजे मुद्दाम घातलेला असमानपणा.

यातली अजून एक गंमत राहिली. एमआरआयवाल्यांना चित्रात चरबी आणि पाणी यांची भेसळ त्रास देते. चरबीतल्या प्रोटॉनवर इलेक्ट्रॉनची सावली वेगळी असते, म्हणून चरबी चित्रात जागेवरून किंचित सरकलेली दिसते. म्हणजे धर्मट्टींच्या गटाने इथेनॉलमध्ये जो दाखवला तोच परिणाम इथे कटकट! मग त्याच परिणामाचा वापर करून, नेमक्या चरबीच्या वारंवारतेवर टोला मारून, तिचा सिग्नल गप्प करतात. गुडघ्याच्या स्कॅनमध्ये हे हमखास करतात, म्हणजे सांध्यातली सूज आणि पाणी उठून दिसतं. आईच्या रिपोर्टबरोबरच्या काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये एका रांगेत चरबी काळी दिसत होती. इथेनॉलच्या तीन शिखरांची ती पणतीच म्हणायची.

मास स्पेक्ट्रोमेट्रीतही हेच सापडलं. जपानच्या शिमाद्झु कंपनीतला कोइची तानाका, शिक्षण इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची साधी पदवी. मोठे रेणू न तुटता लेसरने कसे उडवायचे आणि त्यांचं वजन कसं करायचं, यावर काम. 1985 साली त्याने कोबाल्टच्या बारीक पुडीत चुकून ग्लिसरीन ओतलं. पूड महाग होती. फेकायची कशाला, म्हणून ते मिश्रण तसंच यंत्रात घातलं. आणि तोवर न दिसलेला सिग्नल दिसला. त्याला 2002 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यात वाटेकरी होते मास स्पेक्ट्रोमेट्रीचाच जॉन फेन आणि एनएमआरने प्रथिनांची रचना उलगडणारा कुर्ट व्युथरिक. (लेसरची जी पद्धत नंतर जगभर रूढ झाली ती मात्र जर्मनीच्या कारास आणि हिलेनकांप यांची, हेही सांगायला हवं.)

आता यावरून 'प्रत्येक चुकीत खजिना असतो' असला सुविचार काढू नका. बहुतेक नॉइज हा नॉइजच असतो, आणि रोजच्या कामात फिल्टर लावावेच लागतात, नाहीतर जगणं मुश्कील होईल. पण या सगळ्या गोष्टींत एक समान धागा मला दिसला. प्रत्येक वेळी ती कटकट पुन्हा पुन्हा, त्याच जागी, त्याच प्रमाणात येत होती. दोन रेषा रोज दोनच. तीन शिखरं रोज 3 : 2 : 1. खरा नॉइज असा शिस्तीत येत नाही. जे शिस्तीत येतं ते काहीतरी सांगत असतं. आणि माझी ती वॉर्निंगही रोज रात्री दोनलाच यायची.

रविवारी रात्री आईला फोन करून आवाजाचं कारण सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे तो ठोकत होता म्हणून फोटो आला तर." हो आई, अगदी तेच. मला दोन हजार शब्द लागले.

बरं, गुडघ्याचं काळजीचं काही नाही. व्यायाम सांगितलेत. ती करत नाहीये, तो भाग वेगळा :)